रखडलेलं काम परत हातात कसं घ्यावं

कोरं काम सुरू कसं करावं, याबद्दल मला इथं काही सांगायचं नाही. हा लेख दुसऱ्या कामासाठी आहे. तुम्ही ते घेतलंत, अर्धं केलंत, बाजूला ठेवलंत, तारीख उलटून गेली आणि आता त्या फाईलचं नाव दिसलं तरी पोटात गोळा येतो.

मी कोल्हापुरात पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन करते. २२ वर्षं झाली. गौरवग्रंथ, स्मरणिका, कवितासंग्रह, प्रबंध. या धंद्यात काम अडायला निमित्त लागत नाही. लेखक प्रूफं परत देत नाहीत, फोटो येत नाहीत, प्रस्तावना लिहिणारे गावाला निघून जातात. पण दरवर्षी एखादं तरी काम निव्वळ माझ्यामुळं पडून राहायचं. पहाटे उठा, यादी करा, झालेल्या कामावर खूण करा, प्रेरणा देणारे व्हिडिओ बघा, हे सगळं मी मनापासून करून पाहिलं आहे. पहाटे पाचला उठलं तरी नको असलेली फाईल नकोच असते. ज्यानं खरंच कामं उभी राहिली तेवढंच सांगते.

एकच काम निवडा

रखडलेली पाच असतील तर ज्याच्या आठवणीनं झोप मोडते ते घ्या. बाकीची चार आज नाहीत.

नेमकं काय टोचतंय ते लिहून काढा

"मी आळशीच आहे" असं म्हणून विषय संपवू नका. आळशी माणूस निवांत असतो. चालढकल करणारा दिवसभर राबतो, फक्त ते एक काम सोडून. टिमोथी पिचिल आणि फ्यूशिया सिरवा या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हेच मांडलं: एखाद्या कामानं मनाला त्रास होतो, ते पुढं ढकललं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या घडीभरच्या सुटकेची किंमत उद्याचे आपण मोजतो. वेळापत्रक कितीही सुरेख आखलं तरी हा त्रास त्यात कुठंच दिसत नाही, म्हणून वेळापत्रकं पडतात.

दुसरी सबब, "मला सगळं अचूक लागतं म्हणून उशीर होतो." ही मी कित्येक वर्षं अभिमानानं सांगितली. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरचं तोवरचं संशोधन एकत्र करून तपासलं, तेव्हा अचूकतेच्या हट्टाशी तिचा संबंध अगदी कमजोर निघाला. काम नकोसं वाटणं, मोहाला चटकन बळी पडणं आणि हे आपल्याच्यानं होईल असा भरवसा नसणं, ही कारणं कितीतरी ठळक होती.

तेव्हा कागदावर एक वाक्य लिहा: "या कामातलं मला अमुक नको आहे." पूर्ण कामाचं नाव लिहू नका, नको असलेला भाग लिहा. मी हे लिहायला लागले तेव्हा दहातल्या आठ वेळा तिथं माणसाचं नाव आलं. लेखक, अध्यक्ष, प्राध्यापक, कुणाची तरी मुलगी. माझ्या मते जुन्या रखडलेल्या कामाच्या मुळाशी बहुतेक वेळा आपण टाळत असलेला माणूस असतो.

वाट पाहणाऱ्या माणसाला आधी गाठा

सगळ्यात अवघड पायरी हीच. मी इथंच आपटले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडं होती. ११२ पानं, म्हणजे १६ पानांचे सात फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा). सहा लावून झाले होते. सातव्यात संस्थेच्या अध्यक्षांचा लेख होता. जागा आठ पानांची, लेख चौदा पानांचा. तो कापायला हवा होता आणि हे त्यांना सांगायला हवं होतं. वडीलधारा माणूस, त्यांनी सगळा जन्म त्या संस्थेत घातलेला. मला ते सांगवेना. "उद्या फोन करते" असं म्हणत आठवडा गेला. मग त्यांचा फोन आला तो मी उचलला नाही. एकदा उचलला नाही की दुसऱ्यांदा उचलणं जड जातं, कारण आता पहिल्या वेळचंही उत्तर द्यावं लागतं.

त्यांचं दुकान महाद्वार रोडला. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं. शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला पूर्व दरवाजानं आत जायला लागले. कुणी विचारलं तर गर्दी कमी असते म्हणून सांगायची. लेखाचा प्रश्न फार तर दोन तासांचा होता, आणि मी दोन महिने आपल्याच गावात वाट वाकडी करून फिरत होते.

कार्यक्रम स्मरणिकेशिवाय झाला. जाहिरातींचे पैसे आगाऊ घेतलेले होते, ते परत करायला अध्यक्ष दुकानोदुकानी फिरले. शेवटी मी त्यांच्याकडं गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताई, पुस्तक राहिलं त्याचं काय नाही वो. तुम्ही फोन उचलला असता तर मी माणसांना तोंड तरी दिलं असतं." आणि लेखाचं विचारलं तर म्हणाले, "कापायचा होता? मग कापायचा की!"

तेव्हापासूनचे माझे नियम असे आहेत, आणि त्यांत मी सूट देत नाही.

फोन आधी, काम नंतर. "थोडं काम करून घेऊ, मग दाखवायला काहीतरी असेल, मग फोन करू," हा विचार सगळ्यांना येतो आणि त्यातच सगळे अडकतात. ते "थोडं" कधीच पुरेसं वाटत नाही. जितका उशीर झाला तितकं मोठं काहीतरी घेऊन जावंसं वाटतं. रिकाम्या हातानं फोन करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक माफीनामा पाठवू नका. तो पाठवला की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं, मग आपण निळ्या खुणांकडं बघत बसतो आणि काम पुन्हा तिथंच. बोलाच. माणूस वयस्कर असेल, गावातच असेल, तर सरळ जाऊन भेटा.

बोलायचं ते चार वाक्यांत. "काम झालेलं नाही. इतकं झालंय, इतकं राहिलंय. उशीर माझ्यामुळं झाला. अमुक दिवशी पुढचा भाग देते." आकडा खरा सांगा. ४० पानं झाली असतील तर "जवळजवळ निम्मं" म्हणू नका, ४० म्हणा. कारणं देऊ नका. ताप, लाईट, नातेवाईकाचं लग्न, कॉम्प्युटर. खरी असली तरी नकोत, कारण एक कारण दिलं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतं. समोरचा चिडला तर चिडू द्या, मध्ये बोलू नका. माझ्या अनुभवात बहुतेक माणसं पाच मिनिटांत कामावर येतात, कारण त्यांनाही ते काम हवं असतं.

तारीख देताना तोंडात येईल तितक्या दिवसांच्या दीडपट दिवस मागा. सहा म्हणणार असाल तर नऊ. लाजेपोटी दिलेली "परवा"ची तारीख पुन्हा चुकते, आणि दुसऱ्यांदा चुकलेल्या तारखेनंतर फोन करणं पहिल्याच्या कितीतरी पट कठीण असतं.

फोन केव्हा करायचा? पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात लहान पोरही सांगतं. नदीकाठची शहाणी माणसं ३९ ला सामान वर चढवायला घेतात. तारीख चुकणार असं पहिल्यांदा मनात आलं, तो तुमचा ३९ फुटांचा दिवस. त्या दिवशी केलेला फोन दोन मिनिटांचा असतो. तारीख उलटल्यावर अर्धा तास बोलावं लागतं.

फोन झाल्यावर स्वतःला बोल लावत बसू नका. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. माझ्यापुरतं मी एवढं जोडेन की समोरच्याला खरं सांगितल्याशिवाय स्वतःला केलेली माफी टिकत नाही. निदान माझी टिकली नाही.

काम तुकड्यांत सोपवा

तुकडे करून उपयोग नाही, ते तुकडे कुणाच्या तरी हातात पडले पाहिजेत. डॅन एरिअली आणि क्लाउस वर्टनब्रॉक यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नेमका मुद्रितशोधनाचाच होता. तीन मजकूर, तीन आठवडे. काहींना दर आठवड्याला एक द्यायला सांगितलं, काहींना स्वतःच्या तारखा ठरवू दिल्या, काहींना सगळं शेवटी एकदम द्यायची मुभा दिली. दर आठवड्याला देणाऱ्यांनी सर्वांत जास्त चुका शोधल्या आणि उशीरही कमी केला. शेवटी एकदम देणारे सर्वांत मागं राहिले. मी आता फर्म्यागणिक प्रूफ पाठवते. शिवणकाम असेल तर एक ब्लाउज द्या, हिशेब असेल तर एका महिन्याचा द्या, प्रबंध असेल तर एक प्रकरण, कच्चं का असेना, मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवा.

बसायची वेळ एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधा

"सकाळी करते" असं ठरवून होत नाही. "चहाची भांडी विसळून ठेवली की फाईल उघडायची" असं ठरवलं की होतं. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये अशा "अमुक झालं की तमुक" ठरावांचा परिणाम दाखवला आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उठताना पान अर्धंच सोडा आणि पुढची ओळ कुठली ते पेन्सिलीनं लिहा. बस.

एक मात्र पाहा. एकाच कामाचं नव्हे तर सगळ्याचंच असं होत असेल, अंघोळ, जेवण, झोपही बिघडली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

काम परत द्यायची वेळ आली तर

कधीकधी फोनवर उत्तर येतं, "आता नको, आम्ही दुसरीकडं दिलं." माझ्या बाबतीत तीनदा आलं आहे. तेव्हा गयावया करू नका आणि "बरं" म्हणून फोन ठेवूनही देऊ नका, नाहीतर त्यांचं सामान तुमच्या कपाटात पडून राहील आणि तेच नवं रखडलेलं काम होईल. त्याच आठवड्यात घेतलेली उचल, झालेल्या भागाची फाईल आणि मूळ कागद घेऊन स्वतः जा. फोटो मोजून पाकिटात घाला, पाकिटावर आकडा लिहा आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजा. जुन्या फोटोंची बहुतेक घरांत एकच प्रत असते.