हजेरीपट नीट कसा वाचावा : खाडे, आजारपण आणि कामातले मन

वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्यांनी गैरहजेरीचे केवळ एकूण दिवस मोजू नयेत. कामगार किती वेळा गैरहजर राहिला आणि दर वेळी किती दिवस, हे दोन रकाने वेगळे ठेवावेत. नेदरलँड्समधील एका दूरसंचार कंपनीच्या व्यवस्थापकांवर विल्मार शौफेली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कामात मन असलेल्यांचे खाडे कमी वेळा पडतात आणि कामाने पार थकून गेलेल्यांची आजारपणाची रजा लांबत जाते, असे त्यात दिसले.

हा फरक आकड्यात पाहायचा असेल, तर ब्रॅडफर्ड गुणांक काढावा : गैरहजेरीच्या वेळांचा वर्ग गुणिले एकूण दिवस. टायफॉइडने सलग १२ दिवस घरी राहिलेल्याचा गुणांक १२ येतो, तर एकेक दिवस करून १२ वेळा न आलेल्याचा १,७२८. मात्र या आकड्यावरून कोणालाही नोटीस देऊ नये, कारण अर्धशिशीचा किंवा डायलिसिसचा रुग्णही याच हिशेबात दोषी ठरतो. आकडा फक्त कोणाशी आधी बोलावे, एवढेच सांगतो.

बोलण्यापूर्वी खाड्यांच्या तारखा शेतीच्या हंगामाशी ताडून पाहाव्यात. गंगापूर-पैठणकडून येणारा कामगार जूनमध्ये पेरणीला आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला घरी राहिला, तर त्याचे कामात मन नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्या दिवसांच्या रजा आधीच आळीपाळीने ठरवून घ्याव्यात.

उरलेल्यांशी लाइनवर चारचौघांत न बोलता बाजूला बसून बोलावे. “का आला नाहीत?” ऐवजी “तब्येत कशी आहे, काम झेपतंय का?” असे विचारले, की खरे कारण बाहेर येते. उदाहरणार्थ, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवण्याच्या विभागात, सुट्या भागांचा क्रेट जमिनीवरच असतो, प्रत्येक भागासाठी कंबरेत वाकावे लागते, क्रेटखाली स्टँड द्या असे कामगाराने सांगूनही कोणी दखल घेत नाही. अशा वेळी आधी मन उडते आणि मग कंबर धरते, किंवा उलटही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरसेक यांनी १९७९ मध्ये मांडले ते हेच, की कामाचा ताण जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी माणसाला सर्वाधिक पोखरते. म्हणून स्टँड तर द्यावाच, पण त्याची उंची त्या कामगारालाच ठरवू द्यावी आणि आपसांत पाळी बदलण्याची सवलतही ठेवावी.

शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसाबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील व्हाइटहॉल अभ्यासात, प्रकृती बरी नसूनही एकही आजारी रजा न घेणाऱ्या पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटना, मध्यम प्रमाणात रजा घेणाऱ्या आजारी सहकाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळल्या. बक्षीस द्यायचेच असेल, तर डॉक्टरी दाखल्याची रजा त्यातून वगळावी, आणि राज्य कामगार विम्यात पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो, ही माहिती हजेरीच्या यंत्राशेजारी मराठीत लावावी.