घरचं बी धरायचं कसं, आणि ते बी नक्की कोणाचं?

दोन वर्षांपूर्वी मी पुडीतल्या मिरचीचं बी धरलं. गच्चीवरच्या दोन कुंड्यांनी घरी पुरून शेजारी वाटण्याइतकी लांबसडक एकसारखी मिरची दिली होती, म्हणून चार लाल मिरच्या वाळवल्या, बी काढलं, पेरलं, आणि पुढच्या वर्षी एक झाड गुडघ्याएवढं तर एक छातीएवढं, एकाची मिरची बोटभर आणि नुसता जाळ, दुसऱ्याची ढोबळीसारखी मवाळ. मी सोसायटीभर सांगत सुटले की मला जीएम बी विकलंय. सासवडची आत्या आली, कुंड्या बघितल्या आणि हसायलाच लागली, "अगं, हायब्रीडचं बी धरत्यात का कुनी?"

तर सगळ्यात आधी हा घोळ निस्तरा. हायब्रीड म्हणजे एकाच पिकाच्या दोन वेगळ्या वाणांचा संकर, त्यात बाहेरचा जीन (म्हणजे गुण ठरवणारं जनुक) घातलेला नसतो, फक्त पुढच्या पिढीत आई-बापाचे गुण फुटून वेगवेगळे होतात आणि माझ्या मिरचीसारखी तऱ्हा होते. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जीन घालून किंवा बदलून केलेलं पीक. मार्च २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसात बोंडअळीला मारणारा जीन मातीतल्या एका जिवाणूचा आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला विकायला परवानगी असलेलं जीएम पीक हे एवढंच. बीटी वांगं फेब्रुवारी २०१० मध्ये थांबवलं ते थांबलेलंच आहे, जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये हिरवा कंदील मिळाला पण जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, त्यामुळे तीही अडकली. म्हणजे कायद्याने बघाल तर मार्केट यार्डातून आणलेली मिरची, टोमॅटो, भेंडी जीएम असूच शकत नाही. (सरकीचं तेल आणि दूधवाल्याच्या म्हशीची सरकी पेंड मात्र बहुतेक बीटी कापसाचीच, हे 'आम्ही जीएम खात नाही' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

म्हणून दुकानात पुडी उलटी करून वाचा. 'संकरित' किंवा 'एफ-१' लिहिलं असेल तर पीक घ्या, बी धरायच्या भानगडीत पडू नका. 'सुधारित' किंवा 'सरळ वाण' असेल तर धरायला हरकत नाही. पिशवीला निळा टॅग असेल तर ते प्रमाणित बियाणं, हिरवट असेल तर सत्यप्रत, म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावलेलं. टॅगवरून दर्जा कळतो, संकरित की सरळ ते कळत नाही, त्यामुळे शब्द वाचाच.

सुरुवात घेवड्याने करा, कारण तो बहुतेक आपल्याआपणच फळतो, भेसळ कमी होते. तरी दोन जातींचे वेल एकाच मांडवावर चढवू नका. सगळ्यात निरोगी वेलाला लाल दोरा बांधायचा आणि त्याच्या शेंगा कोणालाही तोडू द्यायच्या नाहीत, आमच्याकडे सासूबाईंनी एकदा भाजीला तोडल्या आणि वर्ष फुकट गेलं! शेंगा वेलावरच कडकडीत वाळू द्या, मग सोलून आठवडाभर सावलीत पसरा. दाणा दाताखाली कट्ट वाजला की झालं, दबला तर अजून ओल आहे. आत्या गोवरीची चाळलेली राख चोळून मडक्यात भरते, मी काचेच्या बरणीत भरते, भुंगा दोघींकडेही लागलेला नाही. वांग्याचं करायचं असेल तर फळ झाडावर पिवळं पडेपर्यंत ठेवा, पण फुलं उमलायच्या आधी मलमलची पिशवी बांधा, मधमाशी शेजारच्या गच्चीवरून काय घेऊन येईल सांगता येत नाही.

आता मालकीचं. १९८० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जिवाणूवर पेटंट देता येतं असा ५ विरुद्ध ४ निकाल दिला आणि तिथून सजीवांवरच्या पेटंटचं दार उघडलं. बोमन नावाच्या तिथल्याच शेतकऱ्याने बाजारातून धान्य म्हणून आणलेलं सोयाबीन पेरलं, त्यात मोन्सँटो या बियाणं कंपनीचा पेटंटवाला जीन होता, तर २०१३ मध्ये त्याच कोर्टाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मला हे कसं वाटतं सांगू का, पणजीपासून चालत आलेल्या गोधडीला कोणीतरी एक छान ठिगळ लावलं आणि आता ऊब घ्यायची तर मला पैसे द्या म्हणाला. ठिगळाची मजुरी घे ना बाबा, मेहनत आहेच त्यात, पण गोधडी तुझी कशी?

आपला कायदा बराचसा असाच विचार करतो. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे झाडं, प्राणी, बियाणं, वाण यांवर पेटंट मिळत नाही, सूक्ष्मजीवांना तेवढी ही बंदी नाही. जीनचं काय, यावर बीटी कापसाचाच खटला चालला, दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये पेटंट उडवलं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरवून पुन्हा सुनावणीला पाठवला. तुमच्या-माझ्या कामाचा कायदा मात्र २००१ चा, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्काचा. कंपनीने नोंदवलेल्या वाणाचंही बी शेतकरी धरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँडचं नाव लावून पाकिटात विकायचं नाही. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर कोटीच्या घरातले दावे लावले तेव्हा लोकांनी हेच कलम, ३९ नंबरचं, पुढे केलं आणि कंपनीने दावे मागे घेतले.

पण हक्क आहे म्हणून गप्प बसू नका, वही घाला. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं, ते १९९७ मध्ये रद्द झालं. लढाई लढली सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने, तिचे तेव्हाचे प्रमुख डॉ. माशेलकर, जे त्याआधी आपल्या पाषाण रोडच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, संचालक होते. आपल्या आज्या हळद लावायच्या हे सांगून तिथे कोणी ऐकलं नसतं, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवावे लागले. म्हणून वहीत लिहा: वाणाचं गावातलं नाव, कोणाकडून आलं, किती वर्षं, फुलाचा रंग, शेंगेची लांबी, कधी पेरलं, कधी तोडलं. सोबत दाण्याचा फोटो, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.

गावच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, ही कल्पना रुजवण्यात पुण्याच्या पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांचा मोठा हात, तिथेही वाण लिहून घ्या. कायद्याने नोंदवायचं तर त्या २००१ च्या कायद्याखालच्या पीक वाण प्राधिकरणाचं शाखा कार्यालय पुण्यातच शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयात आहे. आधी आपलं पीक त्यांच्या यादीत आहे का बघा. शेतकऱ्याला नोंदणीची फी नाही. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असला पाहिजे, नवा असण्याची अट शेतकऱ्यांच्या वाणाला नाही. अर्जावर समितीची किंवा कृषी अधिकाऱ्याची शिफारस लागते.

आत्याचा घेवडा तिथेच अडला होता. अर्जदाराच्या रकान्यात ती स्वतःचं नाव घालू देईना, बी सासूने दिलेलं, सासूने माहेरून आणलेलं, "माजं कसं म्हनू?" मग कळलं की शेतकऱ्यांच्या गटालाही अर्ज करता येतो, तर आता वाडीतल्या सात बायकांच्या नावाने भरतोय. फुलाचा फोटो तेवढा राहिलाय, तो थंडीत मिळेल.