घर बांधावं की तयार घ्यावं?

आधी कागद, मग भिंती. बांधायचं असेल तर जमीन अकृषिक आहे का, मोजणीच्या हद्दी जागेवर जुळतात का, हे बयाणा देण्याआधीच तपासा. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेला शेतजमिनीचा छोटा तुकडा स्वस्त दिसतो. पण बांधकाम परवानगी अडली की बँकही हात वर करते. ठेकेदाराच्या दरात कंपाउंड, बोअर, वीजजोडणी सहसा नसते. शिवाय घर होईस्तोवरचं भाडंही धरा.

तयार घराचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा वकिलाचा अहवाल) आणि भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. घर बघायला भर पावसात जा, कारण ताजा रंग ओल लपवतो. बाथरूमखालच्या स्लॅबवर हातोडीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय, कदाचित आतली सळईही गंजून फुगलीय. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भाव बोलूच नका.