मुक्तिनाथ करून येताना कुश्मात बंजी: पहिल्या उडीची आखणी

पहिली बंजी उडी, म्हणजे पायाला लवचीक दोर बांधून उंचावरून मारायची उडी, नेपाळमध्ये मारायची ठरवली असेल, तर तिला सहलीतला एक अख्खा दिवस द्या आणि आदल्या रात्रीची नीट झोप द्या. आपल्याकडच्या नेपाळ सहली कशा आखल्या जातात ते सगळ्यांनाच माहीत आहे. पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा, मुक्तिनाथ, जमलं तर चितवन. मग गाडीत कुणीतरी म्हणतं, "वाटेत बंजी आहे म्हणे, तासाभरात उरकून टाकू." ती अशी उरकायची गोष्ट नव्हे. मी सांगलीत फिजिओथेरपी करते. मान, कंबर, गुडघे हेच माझं रोजचं काम, त्यामुळे या उडीकडेही मी आधी शरीराच्या बाजूनेच बघते. आई आणि मामीला घेऊन मुक्तिनाथला गेले होते, तेव्हा परतीच्या वाटेवर कुश्मात उडी मारली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी नेपाळला निघालं की मला फोन येतो. फोनवर जे सांगते, ते सगळं इथे लिहिते आहे.

कुठे मारायची

नेपाळमध्ये तीन जागा लक्षात ठेवा. सगळ्यात जुनी भोटेकोशीवरची. काठमांडूहून तिबेटच्या हद्दीकडे जाणाऱ्या अरनिको राजमार्गावर, साधारण १०० किलोमीटरवर, 'द लास्ट रिसॉर्ट'चा झुलता पूल आहे. खाली १६० मीटरवर नदी. इथे १९९९ पासून उड्या होत आहेत. पहाटे काठमांडूतून निघायचं, उडी मारायची आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत बसतो. शक्य असेल तर तिथेच एक रात्र राहा. इथली एक गोष्ट आधी माहीत असू द्या: उडीनंतर तुम्हाला खाली नदीकाठी उतरवतात आणि तिथून चढ चढून वर यावं लागतं. पाय थरथरत असताना तो चढ जाणवतो.

दुसरी कुश्माची. पोखऱ्याहून नयापूलमार्गे मुक्तिनाथकडे जाताना पर्वत नावाच्या जिल्ह्याचं हे मुख्य गाव लागतं. इथे काली गंडकीच्या खोल दरीवर, कुश्मा आणि बागलुंगकडच्या बलेवाच्या मध्ये, 'द क्लिफ'चा लांबलचक पूल आहे. उंची २२८ मीटर. आपल्याकडे ऋषिकेशजवळ मोहनचट्टीला जी प्रसिद्ध उडी आहे ती ८३ मीटरची, म्हणजे अंदाज येईल.

तिसरी पोखऱ्याजवळ हेमजाला, मनोऱ्यावरून. पोखऱ्यातल्या तलावाकाठच्या लेकसाइड भागातून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत पोचता येतं आणि उंचीही या दोन्हींपेक्षा पुष्कळ कमी आहे.

पहिलीच उडी आहे म्हणून सगळ्यात कमी उंची निवडावी, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. काठावर उभं राहिल्यावर सत्तर मीटर काय आणि दोनशे काय, मनाला सारखंच भय वाटतं. आणि उंची जास्त म्हणजे शरीराला बसणारा ओढ त्याच प्रमाणात जास्त, असंही नाही. दोर वजनानुसार निवडलेला असेल तर तो उंच जागी जास्त अंतरात, हळूहळू ताणला जातो. म्हणून जागा निवडताना उंची मोजत बसू नका. तुमच्या प्रवासात कोणत्या जागेआधी एक निवांत रात्र आणि नंतर एक मोकळा दिवस मिळतोय, ते बघा.

मुक्तिनाथाच्या आधी की नंतर

कुश्मा मुक्तिनाथच्या रस्त्यावरच असल्यामुळे आपल्या लोकांना हा प्रश्न हमखास पडतो. जाताना मारून टाकावी असं वाटतं, कारण मनात धाकधूक घेऊन यात्रा कशी करायची? पण माझं स्पष्ट मत आहे, परतताना मारा. कुश्मानंतर लागणाऱ्या बेनी गावाच्या पुढे जोमसोमपर्यंतचा रस्ता अंग खिळखिळं करतो. उडीनंतर दुसऱ्या दिवशी मान आणि पाठ आखडते, आणि त्या अवस्थेत तो रस्ता म्हणजे दुखणं ओढवून घेणं. शिवाय मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. तिथे डोकं दुखलं, मळमळलं, तर ते विरळ हवेमुळे की उडीमुळे, हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरलाही.

परतताना बेनीहून खाली आलात की कुश्मात मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी उडी, दुपारी जेवण, संध्याकाळपर्यंत पोखरा. बरोबरच्या मोठ्या माणसांचाही वेळ बरा जातो. कुश्मातच गुप्तेश्वर महादेवाची गुहा आहे. शिवाय खाली वाहते ती काली गंडकी, शाळिग्रामांची नदी. मामी पुलाजवळ हात जोडून बराच वेळ उभी होती. आईला मात्र माझ्या उडीचं आधी सांगितलं होतं, घरून निघायच्याही आधी. घरच्यांना ऐनवेळी सांगू नका. पुलावर पोचल्यावर आई रडायला लागली तर तुमचं मन उडीच्या फळीवर राहणार नाही.

पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबर डोंगरात दरडी कोसळतात आणि रस्ते दिवस-दिवस बंद पडतात. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले. फक्त दशैंच्या दिवसांत, म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास, सगळं नेपाळ गावाकडे निघालेलं असतं. तेव्हा गाड्या आणि खोल्या आधीच ठरवून ठेवा.

आधी शरीर तपासा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण संमतीपत्रावर 'मला कोणताही आजार नाही' यापुढे लोक डोळे झाकून सही करतात.

पट्टे घोट्यांना बांधले की दोराचा ओढ घोटे, गुडघे, खुबे आणि कंबर अशा क्रमाने वर येतो. त्याच वेळी तुम्ही उलटे असता, त्यामुळे डोक्याकडे आणि डोळ्यांकडे रक्ताचा दाब वाढतो. म्हणजे हे दोन भाग तपासायचे: सांधे-मणके एकीकडे, रक्तदाब आणि डोळे दुसरीकडे.

रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, फिट येत असतील, गरोदर असाल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर उडी नको. सायटिका किंवा मणक्यातली गादी सरकलेली असेल तरी नको, आज दुखत नसलं तरीही. घोट्यात किंवा पायात रॉड, प्लेट असेल, गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असेल, तर आधी आपल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा. काही ठिकाणी कमरेच्या हार्नेसवर (अंगाला आवळायच्या पट्ट्यांवर) उडी देतात, पण तो निर्णय डॉक्टरांनी 'हो' म्हटल्यावरचा.

डोळ्यांचा विचार फार कमी लोक करतात. चष्म्याचा नंबर उणे सहाच्या पुढे असेल तर डोळ्यातला पडदा (रेटिना) ताणलेला, पातळ असू शकतो. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा तपासतात, ती तपासणी निघण्याआधी करून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझ्याकडे मानेसाठी येणाऱ्या एका मुलीला मी आग्रहाने पाठवलं, तर पडद्याला बारीकसं छिद्र निघालं. लेसर झालं, उडी रद्द झाली. पुढच्या वर्षी ती पोखऱ्याला जाऊन फेवाताल तलाव बघून आली आणि खूश होती.

सगळं ठीक असेल तर महिनाभर थोडा व्यायाम करा. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने त्याला दाबायचं, हाताने विरोध करायचा, डोकं हलू द्यायचं नाही. दहा आकडे मोजायचे. असंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. मानेच्या स्नायूंसाठी एवढं पुरतं. पोटासाठी प्लँक, मांडीच्या मागच्या शिरांसाठी ताण. आणि एक सराव विशेष उपयोगी पडतो. पलंगावर पाठीवर झोपून खांदे कडेपर्यंत आणा आणि डोकं सावकाश खाली सोडा, पंधरा-वीस सेकंद. जवळ कुणीतरी असू द्या. उलटं जग कसं दिसतं, कानात कसं भरून येतं, हे शरीराला आधीच ओळखीचं होतं. यात चक्कर आली किंवा हाताला मुंग्या आल्या, तर आधी डॉक्टर, बंजी नंतर.

कागद आणि पैसे

व्हिसा लागत नाही, पण मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. विमानाने जाणार असाल तर आधार कार्डावर भागत नाही. गोरखपूर-सोनौलीवरून रस्त्याने जाणाऱ्यांनीही हेच धरून चालावं. भारतीय १ रुपयाला नेपाळी १.६० रुपये हा दर ठरलेला आहे, त्यामुळे हिशोब सोपा. शंभराच्या भारतीय नोटा सगळीकडे निर्धास्त चालतात. २०२४ पासून तिथल्या 'फोनपे' (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआयही चालतं, पण डोंगरात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. बुकिंग करताना भारतीय आहोत हे आधी सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी आपल्याला वेगळा दर असतो. त्याच फोनवर व्हिडिओचे पैसे वेगळे का, वजनाची मर्यादा काय, हवामानामुळे रद्द झालं तर पुढची तारीख देता का, आणि उडीनंतर वर ओढतात की खाली उतरवतात, एवढं विचारून घ्या. प्रवास विमा घेत असाल तर त्यात साहसी खेळ येतात का ते वाचा, साध्या पॉलिसीत बहुधा नसतात.

उडीच्या दिवशी

उपाशी जाऊ नका. त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी येत असेल तर तारीख बदला, रिकाम्या पोटी चक्कर येते. उडीच्या दोन तास आधी हलकं खा, मी सेल रोटी (तांदळाच्या पिठाचं गोल, गोड, तळलेलं कडं) आणि चहा घेतला होता. आदल्या रात्री दारू अजिबात नको. टीशर्ट पँटमध्ये खोचता येईल असा हवा, पायात लेसचे बूट हवेत. ओढणी, कुर्ता नको. मंगळसूत्र, साखळी, कानातलं, घड्याळ उतरवून आपल्या माणसाकडे द्या. केस लांब असतील तर घट्ट वेणी घालून टोक टीशर्टच्या आत टाका. सकाळची वेळ मागा, दरीत दुपारनंतर वारा वाढतो.

वजन करून आकडा हातावर मार्करने लिहितात. तो आकडा काट्यावर स्वतः बघा आणि लिहिला तोच आहे ना, हेही बघा. दोर त्यावरच ठरतो. पूर्ण उडीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच.

कुश्माच्या पुलावर पायाखाली लोखंडी जाळी आहे. चालताना जाळीतून नदी दिसते, आणि समोरून कुणी आलं की पूल हलतो. नजर पुलाच्या दुसऱ्या टोकावर ठेवून चाला. उडीच्या जागी घोट्यांभोवती जाड टॉवेलासारखं कापड गुंडाळून त्यावर पट्टे आवळतात. पट्टा इतका घट्ट हवा की बोट आत जाऊ नये, पण पायाला मुंग्या येऊ नयेत. घोट्याची जोडणी वेगळी आणि अंगावरच्या हार्नेसची वेगळी, अशा दोन्ही असायला हव्यात. एकाने बांधलं ते दुसऱ्याने तपासलं का, हे विचारा. दोराच्या उड्यांची नोंद ठेवता का, हेही विचारा. चांगली माणसं या प्रश्नांवर चिडत नाहीत, हाताने दाखवून समजावून सांगतात. चिडली तर पट्टे सोडायला सांगा आणि परत फिरा.

'धक्का देऊ नका, मी स्वतः जाईन' हे फळीवर जाण्याआधीच सांगून ठेवा. फळीवर पावलं छोटी पडतात, कारण पाय बांधलेले असतात. बोटं फळीच्या कडेबाहेर येऊ द्या. खाली बघू नका, समोरच्या डोंगरावरचं एक झाड नजरेत धरा. हात दोन्ही बाजूंना पसरा. मोजणी सुरू झाली की श्वास सोडायला लागा आणि त्या झाडाकडे बघत पुढे झुका. उडी मारायचा, वर उसळायचा प्रयत्न नको, फक्त झुकायचं. पाय आधी सोडून सरळ खाली पडलात किंवा गुडघ्यात वाकलात, तर दोर ताणला जाताना शरीर गर्रकन उलटतं आणि सगळा हिसका मानेला बसतो. दोर हाताने धरू नका.

पहिले काही क्षण आवाजच नसतो, मग कानात वारा भरतो. दोर ताणला जातो तो इतका हळू की मला थांबल्याचं कळलंच नाही, नदीच लांब जायला लागली तेव्हा कळलं. मग दोन-तीन वेळा वर-खाली होतं. त्या वेळी हात सैल सोडा आणि श्वास घेत राहा.

मोजणी संपली आणि पाय हलले नाहीत, तर मागे या. पाणी प्या, पुन्हा जा. तरीही नको वाटलं तर नको. पैसे बहुधा परत मिळत नाहीत, आणि ते बुकिंग करतानाच मनात सोडून दिलेले बरे, म्हणजे पैशासाठी कुणी उडी मारत नाही.

नंतर

उतरल्यावर लगेच उभे राहू नका. आडवे व्हा, मग बसा, मग उठा. तासाभरात पाणी आणि दोन तासांनी डाळभात. त्या संध्याकाळी मानेला मालिश करून घेऊ नका, पोखऱ्यात जागोजागी पाट्या दिसतात तरीही. गरम पाण्याने शेका आणि मान सावकाश फिरवा. दुसऱ्या दिवशीचा आखडलेपणा दोन-तीन दिवसांत जातो. डोळ्यांचा पांढरा भाग लालसर झाला आणि दिसायला स्वच्छ असेल, तर तो आपोआप निवळतो. पण डोळ्यापुढे काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर वाट बघू नका. पोखऱ्यात हिमालय आय हॉस्पिटल आहे, त्याच दिवशी जा. हातापायाला बधिरपणा, कमरेतून पायात जाणारी कळ किंवा लघवीला अडचण, यांपैकी काही झालं तरी मुक्काम वाढवा, पण दाखवल्याशिवाय परतीच्या गाडीत बसू नका.