कॅम्पवर कृष्णधवल रोल धुताना

कॅमेऱ्यातला फिल्मचा रोल धुताना अंधार लागतो तो फक्त रोल रीलवर, म्हणजे फिल्म गुंडाळायच्या खाचांच्या चक्रावर, चढेपर्यंत. टँकचं (रील ठेवून फिल्म धुवायच्या डब्याचं) झाकण बसलं की पुढचं सगळं काम लख्ख उन्हातही होतं. त्यामुळे कॅम्पवर खरी काळजी दोनच गोष्टींची: रोल नीट चढवणं आणि पाण्याचं तापमान. रंगीत रोल मात्र घरी नेऊनच धुवा. त्याच्या डेव्हलपरला (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला) ३८ अंश सेल्सिअस लागतं आणि ते उघड्यावर स्थिर ठेवणं फार कठीण.

डेव्हलपर रोडिनलसारखा घट्ट द्रवरूप घ्या. तो बाटली उघडल्यावरही वर्षानुवर्षं टिकतो आणि ३५ मिमीच्या एका रोलला ६ मिलि पुरतो. सोबत सिरिंज, थर्मामीटर, मोजपात्र, हातमोजे हवेतच. हा डेव्हलपर तीव्र अल्कली आहे, कातडीला लागू देऊ नका. एका रोलला सगळं मिळून अडीच लिटर स्वच्छ पाणी धरा.

रोल चढवणं पहाटे किंवा रात्री, तंबूच्या आत करा. भर उन्हात चेंजिंग बॅगेच्या (हात घालायला बाह्या असलेल्या उजेडबंद पिशवीच्या) बाह्यांतूनही उजेड शिरू शकतो. बॅगेत टँक, मधली नळी, रील, झाकण, कात्री असं सगळं आधी मोजून ठेवा. नळी विसरलात तर झाकण लावूनही टँकमध्ये उजेड जातो. रिवाइंड करताना फिल्मचं टोक बाहेर ठेवलं असेल तर ते उजेडातच सरळ कापा, कोपरे किंचित गोल करा आणि रीलच्या तोंडाशी असलेल्या छऱ्यांपलीकडे सरकवून मगच बॅगेत हात घाला. निम्मं काम तिथेच होतं. हाताला घाम सुटला की बॅगेतली हवा दमट होते, फिल्मवरचं जिलेटिन चिकट होतं आणि फिल्म रीलमध्ये अडते. तेव्हा जोर लावू नका. फिल्म, रील आणि नळी टँकमध्ये ठेवून झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. ओढाताणीत फिल्म दुमडली तर तिथे चंद्रकोरीसारखा डाग कायमचा उमटतो.

आता तापमान. एचपी५ प्लस ही फिल्म, ४०० आयएसओ, रोडिनल १+५० (६ मिलि अधिक २९४ मिलि पाणी): २० अंशाला ११ मिनिटं. २४ अंशाला साधारण पावणेआठ. वेळ पाच मिनिटांखाली गेली तर फिल्म असमान धुतली जाण्याचा धोका वाढतो, म्हणून पाणी गरम असेल तर बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर ठेवा. डेव्हलपर ओतल्यावर पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटा-सुलटा करा, तळ आपटून बुडबुडे सोडवा, आणि पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच चारदा. मग साध्या पाण्याने एकदा खळबळून फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) १+४ (६० मिलि अधिक २४० मिलि), पाच मिनिटं. फिक्सर ताजा आहे ना, हे कापलेल्या टोकाचा तुकडा त्यात टाकून आधीच पाहा. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या किमान दुप्पट वेळ रोलला द्या.

धुण्याला वाहतं पाणी लागत नाही. टँक भरा, पाचदा उलटा, पाणी बदला. मग दहादा, मग वीसदा. हे पाणी डेव्हलपरच्या तापमानाच्या पाच अंशांच्या आत असू द्या. ओढ्याचं गार पाणी एकदम ओतलं तर इमल्शनवर (फिल्मवरच्या चित्राच्या थरावर) सुरकुत्यांची बारीक जाळी येऊ शकते. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर पाण्याचे थेंब राहू न देणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब.

वाळवायला रोल तंबूत टांगा, खाली क्लिप लावा, आणि वाळेपर्यंत तंबूत ये-जा बंद. ओल्या इमल्शनवर चिकटलेली धूळ किंवा चिलट नंतर निघत नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो आणि डेव्हलपर दोन्ही बाटल्यांत भरून परत न्या, मातीत वा पाण्यात ओतू नका.

रोल कोरा निघाला तर फिल्मच्या कडेला कंपनीने उमटवलेली अक्षरं बघा. अक्षरं स्पष्ट असतील तर चूक कॅमेऱ्यात. अक्षरंही नसतील तर डेव्हलपर निकामी होता, किंवा फिक्सर आधी पडला. दुधाळ डाग म्हणजे फिक्सिंग अपुरं: ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा पाच मिनिटं, आणि धुणं पहिल्यापासून.