एका तासिकेत एबेनेझर बॅसेट कसे शिकवावेत

चरित्र शिकवायचं म्हटलं की आपला हात सवयीनं जन्मसालाकडे जातो. बॅसेट, म्हणजे अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राजनैतिक प्रतिनिधी, यांच्या बाबतीत तसं करू नका. पहिल्या वर्षी मी नववीच्या वर्गात फळ्यावर ‘जन्म १८३३, कनेक्टिकट’ लिहिलं आणि पाचव्या मिनिटाला मागची दोन बाकं खिडकीबाहेर बघायला लागली. आता मी सरळ मे १८७५ मध्ये शिरते.

फळ्यावर एक घर काढा. ठिकाण कॅरिबियनमधला हैती देश, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ. घर अमेरिकेच्या प्रतिनिधीचं, म्हणजे बॅसेट यांचं. राष्ट्राध्यक्ष दोमिंग यांच्या सैन्यानं विरोधातल्या सेनापतींवर घाला घातलाय. दोघे मारले गेलेत. तिसरे, ब्वारों-कनाल, जीव वाचवून या दाराशी आलेत. आता खडूनं घराभोवती ठिपके मारत जा, मुलं मोजायची थकेपर्यंत. घराला वेढा घालणारे सैनिक हजारावर होते.

इथे थांबा. वहीत दोनच ओळी लिहायला सांगा: दार उघडाल का, आणि का? पाच मिनिटं पूर्ण द्या. घाई केलीत तर सगळे ‘उघडू’ म्हणून मोकळे होतात. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, “बाई, सरकारला विचारून मग नाही का ठरवता येणार?” याच प्रश्नाची वाट बघायची. वॉशिंग्टनला पत्र जहाजानं जायचं, उत्तर यायला आठवडे लागायचे. आणि उत्तर आलं तेव्हा परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिश यांना हा आश्रय पसंत नव्हता. म्हणजे बाहेर सैन्य आणि वर नाराज साहेब. बॅसेट यांनी कनाल यांना पाच महिने घरात ठेवलं. ऑक्टोबरात ते सुखरूप जमैकाला रवाना झाले. १८७६ मध्ये तेच कनाल हैतीचे राष्ट्राध्यक्ष झाले, हे मात्र मुलांच्या ओळी वाचून झाल्याशिवाय सांगू नका.

मग विचारा: हा माणूस आधी काय करत असेल? वकील, सैनिक, व्यापारी अशी उत्तरं येतात. मास्तर कुणी म्हणत नाही. इथे माझा आवाज दरवर्षी चढतो.

१८५३ मध्ये कनेक्टिकटच्या सरकारी अध्यापक विद्यालयातून ते बाहेर पडले. न्यू हेवनमध्ये शिकवलं, आणि १८५७ पासून १८६९ पर्यंत फिलाडेल्फियाच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ’चे मुख्याध्यापक होते. रिचर्ड हम्फ्रीज या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) गृहस्थानं मृत्युपत्रात ठेवलेल्या दहा हजार डॉलरांतून ही शाळा उभी राहिली. नावातला ‘कलर्ड’ हा शब्द त्या काळचा आहे, आज माणसांसाठी वापरायचा नाही, हे तिथल्या तिथे सांगून टाका. देशात अजून गुलामगिरी चालू होती आणि या शाळेत कृष्णवर्णीय मुलं गणित, विज्ञान, लॅटिन शिकत होती. कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी लढणारे ऑक्टेव्हियस कॅटो याच शाळेत शिकून इथेच शिक्षक झाले. १८७१ मध्ये मतदानाच्या दिवशी त्यांना गोळ्या घालून मारलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात बॅसेट यांनी कृष्णवर्णीय सैनिकांच्या भरतीसाठी काम केलं. शाळेवर दहा मिनिटं घालवा. पुढची नेमणूक तिथूनच समजते.

नेमणुकीसाठी एक गणित घाला. हैती १८०४ मध्ये स्वतंत्र झाला, अमेरिकेनं मान्यता दिली १८६२ मध्ये. किती वर्षं? अठ्ठावन्न. गुलामांनी बंड करून मिळवलेलं राज्य मान्य करायला इतकी वर्षं लागली. १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी बॅसेट यांना तिथे पाठवलं. अमेरिकेचे ते पहिले कृष्णवर्णीय राजनैतिक प्रतिनिधी. फक्त ‘पहिले’ या शब्दावर धडा संपवू नका. परीक्षेत एक गुण मिळतो, माणूस हातून निसटतो.

जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ शिकवत असाल तर हा तास त्याला जोडून घ्या. ती १८७३ ची. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली आहे, आणि त्या वर्षी बॅसेट हैतीतच होते. दोघांची भेट वा पत्रव्यवहार असल्याचं सुचवू नका. वर्ष शेजारी लिहिलं तरी पुरे.

१८७७ नंतरचं चार वाक्यांत उरका: पद सोडलं, न्यू यॉर्कमध्ये हैतीचे वाणिज्यदूत म्हणून काम केलं, १८८९ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते फ्रेडरिक डग्लस अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून हैतीला गेले तेव्हा त्यांचे सचिव झाले. १९०८ मध्ये निधन.

घरी करायला काम: बॅसेट होऊन फिश यांना दहा ओळींचं पत्र. तुम्हाला खरी पत्रं बघायची असतील तर अमेरिकी परराष्ट्र खात्याचे जुने खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात. शोधताना हैतीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या ‘आय’च्या जागी ‘वाय’ टाका. तेव्हा तसंच छापत असत.