२६ जुलै, २७ जुलै आणि उणे ९९९

एम.टेक.चं दुसरं वर्ष. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते. गाईड सरांनी एक साधं काम सांगितलं, "मार्चमध्ये दाखवलेला तो रत्नागिरीचा आलेख पुन्हा काढ. अक्षरं जरा मोठी कर." पाच मिनिटांचं काम. पण तो आलेख काही केल्या येईना. मार्चमध्ये जुलैचा सरासरी पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास होता, आता निम्म्यावर आलेला. कोकणातला पाऊस काही आटला नव्हता, तो माझ्या फोल्डरात आटला होता.

त्या फोल्डरात 'पाऊस_फायनल', 'पाऊस_फायनल_२', 'पाऊस_सरांसाठी' आणि 'पाऊस_नवा_हाच_बघ' अशा फाइली होत्या. मार्चचा आलेख यातल्या कुठल्या फाइलीने काढला होता, ते मलाच सांगता येईना.

मी मूळचा सिव्हिलचा. पायथन व्हिडिओ बघून शिकलेला. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग ही कंपनीत जाणाऱ्यांची भानगड, आपण आपलं रिसर्च करतो, असा माझा समज होता. आता नव्याने एम.टेक. किंवा पीएच.डी.ला येणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो, की तुम्ही लिहिलेल्या कोडचा एक वापरकर्ता नक्की असतो, तो म्हणजे सहा महिन्यांनंतरचे तुम्ही. आणि त्याला काहीही आठवत नसतं.

चूक शोधायला चार दिवस गेले. हवामान विभागाचा रोजच्या पावसाचा जाळीचा डेटा १९०१ पासूनचा मिळतो. पाव अंश बाय पाव अंशाची एकेक चौकट. समुद्रावरच्या चौकटींत पावसाऐवजी उणे ९९९ लिहिलेलं असतं, म्हणजे 'इथे माहिती नाही'. मार्चमध्ये मी त्या चौकटी वगळल्या होत्या. मे महिन्यात दुसऱ्या कॉपीत कसलीशी एरर यायला लागली, ती घालवायला मी उणे ९९९ च्या जागी ० टाकलं. एरर गेली, मीही खूश. पण माझ्या रत्नागिरीच्या चौकोनात जवळपास निम्मा अरबी समुद्र होता, आणि भर जुलैत एक थेंबही न पडलेली जमीन म्हणून तो सरासरीत मोजला जात होता.

गंमत बघा. उणे ९९९ तसंच राहिलं असतं तर सरासरी पाऊस उणे आला असता आणि मी त्याच क्षणी कपाळाला हात लावला असता. शून्य मात्र सभ्य दिसतं, कुणाला खटकत नाही. चुकीने बोंब मारली पाहिजे, गप्प बसता कामा नये. म्हणून माझ्या प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला आता तपासणीच्या दोनतीन ओळी असतात. पाऊस उणे आहे का, रकान्यात मिलिमीटरच आहेत ना, एखादी तारीख गळली तर नाही? गडबड असेल तर कोड तिथेच थांबतो. एककाची तपासणी हा काही माझा चोखंदळपणा नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोचून नष्ट झालं, त्याचं कारण हेच होतं. एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-सेकंदात दिले, ते घेणाऱ्याने न्यूटन-सेकंद समजून वापरले. म्हणून रकान्याचं नाव नुसतं 'पाऊस' ठेवू नका, 'पाऊस_मिमी' ठेवा.

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट तर पहिल्या आठवड्यातच शिका. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. आपल्याला त्यातले पाचसहा कमांड पुरतात. कमिट, म्हणजे एकेका बदलाची नोंद, लहान ठेवा, आणि तिच्या मेसेजमध्ये काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. "एरर येत होती म्हणून माहिती नसलेल्या जागी ० टाकला" एवढं वाक्य मला त्या दिवशी लिहावं लागलं असतं, तर ते लिहितानाच माझा हात थांबला असता. पुढे कधी बिघडलंच तर गिटची बायसेक्ट ही कमांड कमिटांची यादी मधोमध तोडत जाते, त्यामुळे शंभर कमिटांतला दोषी साधारण सात प्रयत्नांत सापडतो. माझे चार दिवस आठवले की आजही जीव जळतो.

आता टेस्टबद्दल, म्हणजे आपला कोड बरोबर उत्तर देतो का हे तपासणाऱ्या छोट्या कोडबद्दल. "संशोधनात बरोबर उत्तरच माहीत नसतं, मग टेस्ट कशाची करू?" असं सगळे विचारतात. सगळं माहीत नसतं, पण काहीतरी माहीत असतंच. नऊ चौकटींची खोटी जाळी करा, एकीत उणे ९९९ भरा आणि उरलेल्या आठांचीच सरासरी येते का ते बघा. दहा ओळींचं काम आहे. माझी दुसरी टेस्ट मुंबईची, पाऊस योग्य तारखेवर येतो का हे बघणारी. २००५ चा २६ जुलै कोण विसरेल? सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. पण हवामान विभागाच्या डेटात तो पाऊस २७ तारखेला दिसतो, कारण त्यांचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेवर पडतो. उपग्रहाच्या डेटाचा दिवस सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होणारा. दोन्ही शेजारी ठेवून मी सहा महिने तुलना करत होतो, आणि उपग्रह चुकतो असा निष्कर्षही लिहून बसलो होतो. सरांना आधीच जाऊन "दिवस म्हणजे नक्की काय?" एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं. कंपनीवाले याला रिक्वायरमेंट समजून घेणं म्हणतात.

बाकीचं थोडक्यात. मूळ डेटाला हात लावू नका. लायब्ररींच्या, म्हणजे वापरलेल्या आयत्या कोडच्या, आवृत्त्या लिहून ठेवा. रिडमीत, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत, निदान एवढं हवं, की कुठली कमांड दिली की प्रबंधातला कुठला आलेख निघतो. शेजारच्या खोलीतल्या मित्राला शनिवारी अर्धा तास आपला कोड वाचायला द्या, त्याचा आपण वाचा. 'टेंप२' म्हणजे काय, असं त्याने विचारलं आणि तुम्ही अडखळलात, तर नाव बदला. डिझाइन पॅटर्न, मायक्रोसर्व्हिस वगैरे मोठ्या सॉफ्टवेअरच्या रचनांच्या नादी मात्र लागू नका, मी त्यात एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली आहे. एकदाच काढायचा आलेख ओबडधोबड कोडने काढा, चालतं. जो आकडा प्रबंधाच्या तक्त्यात जाणार, त्याच्या मागे टेस्ट हवी.

माझी रेपो, म्हणजे गिटमध्ये ठेवलेलं कोडचं फोल्डर, आता लॅबमधली एक ज्युनिअर वापरते. परवा तिचा मेसेज आला, "दादा, सव्वीस जुलैची टेस्ट फेल होतेय. तुमची टेस्टच चुकली आहे का? पाऊस तर सव्वीसलाच पडला होता ना?" मी तिला उलट विचारलं, तुझा दिवस किती वाजता सुरू होतो? दहा मिनिटांनी तिचा नवा कमिट दिसला. मेसेज होता, "उपग्रहाचा दिवस साडेआठ ते साडेआठ केला, कारण हवामान विभागाचा दिवस तसा आहे."